यानवालीचा वाया घालवलेला भाग

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला टीव्ही कधी धड बघायला मिळत नाही. त्याची जागा डब्याच्या पाठीमागे. मागचं झाकण काढून आत हात घातलेला असतो आणि पुढे चित्र कसं दिसतंय ते कळायला समोर खुर्चीवर आरसा उभा केलेला असतो. घरातल्याच कुणाचा तरी केस विंचरायचा आरसा मागून घ्यायचा आणि त्यात बघत बघत मागचे स्क्रू फिरवायचे. सव्वीस वर्षं मी अशी उलटी चित्रं बघत काढली. उजव्या हाताने जेवणारा नट मला डावखुराच दिसायचा. पण मागे बसण्याचा एक फायदा होता. पुढे बसलेल्या माणसांचे चेहरे मात्र मला सरळ दिसायचे, आणि खरं सांगायचं तर पडद्यावरच्यापेक्षा तेच जास्त बघण्यासारखे असायचे.

माझं दुकान औंढ्याला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, प्रसादाच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या मधोमध होतं. वडील रस्त्याच्या कामावर डांबर टाकणाऱ्या टोळीत होते. दहावी झाले तेव्हा ते म्हणाले, "शिवणकाम समद्याच शिकून राहिल्या. तू दुसरं कायतरी शीक." म्हणून हिंगोलीच्या आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात गेले. वर्गात मुलगी मी एकटीच. दुकान टाकलं तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणी जिल्ह्यात मोडायचो.

पहिल्या वर्षी वसमतकडचा एक गृहस्थ डोक्यावर टीव्ही घेऊन आला. "मेकॅनिक कुठंय?" मी म्हटलं, "मीच." तो हसला आणि बाकावर बसला. मी त्याच्यासमोर झाकण उघडलं, बिघाड शोधला, नीट केलं, चालू करून दाखवलं. दोन तास गेले. टीव्हीवर बातम्या लागल्या तसा तो उठून आजूबाजूला बघायला लागला. "मेकॅनिक येऊन गेला व्हय? मला तर दिसला न्हाई." त्याला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. "आत्ताच गेला," म्हटलं.

पुढे हेच बाईपण कामाला आलं. ज्या घरांत पुरुष मेकॅनिकला ओसरीच्या पुढे येऊ देत नसत, तिथे मी थेट माजघरात जायची. चहा मिळायचा आणि घरातल्या सगळ्या गोष्टी कानावर पडायच्या. बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असायचा. टीव्हीच्या आतले सुटे भाग कथलाने जोडलेले असतात. डबा तापतो, निवतो, तापतो, निवतो, आणि एखाद दिवशी त्या कथलाला केसाएवढी चीर पडते. वरून सगळं चांगलं दिसतं, पण आतून जोड सुटलेला असतो. मेकॅनिकची निम्मी हुशारी ती चीर शोधण्यात असते. उरलेली निम्मी, गिऱ्हाइकाला धीर देण्यात.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

कुरुंद्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक तांडा लागतो. चाळीसेक घरं, सगळी बंजारा समाजाची. थोडी हळद, जास्त करून ज्वारी-कापूस. तांड्याचे नाईक फुलसिंग राठोड हौशी माणूस. त्यांनी चौदा इंची पांढरा-काळा टीव्ही आणला आणि घरात न ठेवता समाजमंदिराच्या ओट्यावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना दिसावा. हा लहान टीव्ही बॅटरीवर चालायचा. तांड्यावर वीज होती पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि तिच्यावर चालवायचा. टॉवर लांब. नांदेडच्या दिशेला तोंड करून वीस हात उंच पाइपावर अँटेना, तिला सिग्नल वाढवणारा बूस्टर. हे सगळं मीच बसवलेलं. त्यामुळे तांड्यावर मला 'टीव्हीबाई' म्हणायचे.

त्या वर्षी रविवारी सकाळी दहाला एक मालिका लागायची. अंतराळयानाची. तिचं खरं नाव हिंदीत लांबलचक होतं, पण आमच्या भागात कुणी ते घेत नसे. सगळे तिला 'यानवाली' म्हणायचे. दर रविवारी बूस्टर बिघडल्याचा निरोप आला की मी समजायची, यानवाली लागणार आहे. मला स्वतःलाही ती आवडायची. त्यातलं यान पत्र्याचं होतं आणि बटणं आमच्या दुकानातल्या जुन्या रेडिओची असावीत अशी होती. पण गोष्ट चांगली असायची.

त्यातला एक भाग सुरू झाला तेव्हा मी तांड्यावरच होते. यानाचा कप्तान, पन्नाशीचा, केस पिकलेला. यान इतकं लांब गेलंय की घरचा काही पत्ता नाही. आणि एक दिवस यंत्रात खरखर होते, खरखरीतून एका मुलीचा आवाज येतो. "बाबा, तुम्ही ऐकताय का? मी आज शाळेत जाणार आहे." ती त्याची मुलगी. पण तिच्या आवाजाला तिथे पोचायला चौदा वर्षं लागलेली असतात. म्हणजे शाळेत निघालेली पोर आता वीस वर्षांची झाली. कप्तानाला उत्तर द्यायचंय. पण यानाची बॅटरी संपत आलेली. उरलेल्या बॅटरीवर एकच निरोप जाईल. जवळच्या तळाला मदतीची हाक मारायची, की मुलीला उत्तर पाठवायचं, जे तिला आणखी चौदा वर्षांनी मिळेल? कप्तानाचा हात बटणावर जातो. तिथेच तो भाग संपला. पुढचं पुढच्या रविवारी.

ओट्यासमोर साठेक माणसं बसली होती. कुणी उठेना.

"खरंच एवढा वेळ लागतो व्हय आवाजाला?" नाईकांनी विचारलं.

मी सांगितलं, लागतो. टॉवरवरून अँटेनात येतं तेही वेळ घेऊनच येतं, फक्त जवळ आहे म्हणून कळत नाही. आभाळातला तारा दिसतो तोही कितीतरी जुना असतो. हे मला आयटीआयच्या सरांनी शिकवलं होतं आणि मी तेव्हापासून कुणाला तरी सांगायची वाट बघत होते. तांड्याच्या शाळेवर पवार सर नावाचे शिक्षक होते, बारीक, चष्मा लावणारे, कविता करणारे. ते उभेच राहिले. "बाई, हे नाटक आहे. हे फार मोठं नाटक आहे."

पुढे झमकाबाई बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, हातभर पांढऱ्या बांगड्या, आवाज खणखणीत. एकट्याच राहायच्या, चार शेळ्या राखायच्या. त्या म्हणाल्या, "त्यात इचार करायचं काय हाय? लेकीनं हाक मारली. उत्तर द्यावंच लागते."

"आन् मेला तर?" नाईक म्हणाले.

"मरंल तर मरंल. उत्तर देऊन मरंल."

तो आठवडाभर तांड्यावर दुसरा विषय नव्हता. हळदीच्या रानात निंदताना बायका दोन पक्षांत वाटल्या गेल्या. मला औंढ्याच्या बाजारात तांड्यावरचं कुणी भेटलं की आधी विचारायचे, "टीव्हीबाई, तुमाला काय वाटते, दाबंल का बटन?"

पुढच्या रविवारी सकाळी सव्वाआठला नाईक स्वतः फटफटी घेऊन माझ्या दारात. चेहरा उतरलेला. "बाई, डब्बा गेला. मधी नुस्ती रेघ हाय."

पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग बंद पडलेला. मी पिशवी उचलली आणि मागे बसले. रस्ताभर नाईक बोलत होते. "समदे येऊन बसले. शेजारच्या वाडीचे बी आले. झमकाबाईनं शेळ्या सोडल्याच न्हाईत आज. जर का आज दिसलं न्हाई तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई बराबर."

पोचलो तेव्हा सव्वानऊ. शंभरावर माणसं. मी झाकण उघडलं, डबा चालू करून लाकडी काडीने एकेक जोड हलवून बघितला. दहा मिनिटांत चीर सापडली. काडी टेकवली की चित्र उघडायचं, काढली की पुन्हा रेघ. आता फक्त कथील वितळवून तो जोड पक्का करायचा. पिशवीतली इस्त्री, म्हणजे डाग देण्याचं हत्यार, काढली आणि वायर हातात धरून इकडे तिकडे बघितलं.

वीज नव्हती. टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालत होता. माझं हत्यार काही त्यावर चालणारं नव्हतं.

"कधी येते?" मी विचारलं.

"येईल दुपारी," पवार सर म्हणाले. साडेनऊ होऊन गेले होते.

झमकाबाई उठल्या. "तुला तापलेलं लोखंड पायजे ना?" म्हटलं, तांब्याचं असेल तर बरं. त्या घरात गेल्या आणि बाहेर आल्या त्या तांब्याच्या जाड सळीचा तुकडा घेऊन. कशाचा होता देव जाणे, बहुतेक जुन्या भांड्याचा कान असावा. मी दगडावर घासून त्याला टोक काढलं, चिमट्यात धरलं, आणि झमकाबाईंनी चुलीत घातलं. लाल झाला की धावत ओट्यावर आणायचा, टेकवायचा. पहिल्यांदा आणेपर्यंत निवला. दुसऱ्यांदा कथील वितळलं पण बाजूच्या जोडाला चिकटलं.  शेजारचे दोन जोड एक झाले तर चित्र जाईलच, डबाही जाईल. मग नाईकांनी तीन दगड आणून ओट्यावरच चूल मांडली, समाजमंदिराच्या भिंतीला काजळी लागली तर लागू दे म्हणाले. तिसऱ्यांदा मी श्वास धरला आणि टोक टेकवलं. कथील पाऱ्यासारखं चकाकलं आणि आपल्या जागी बसलं.

दहाला तीन मिनिटं कमी असताना चित्र आलं. टाळ्या पडल्या. माझ्या सगळ्या धंद्यात मला टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्याच. झाकण लावायला वेळ नव्हता, म्हणून मी तशीच मागे बसून राहिले, काही झालं तर हात पोचावा म्हणून. आरसा लावला नाही. आवाज ऐकू येत होता आणि शंभर चेहरे समोर होते.

सुरुवात चांगली झाली असणार. चेहरे असे ताणलेले होते की वाऱ्याने पदर उडाला तरी कुणी सावरत नव्हतं. कप्तानाचा श्वास ऐकू आला. मुलीचा आवाज पुन्हा आला. झमकाबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले.

आणि मग धडाम असा आवाज. यंत्र फुटलं. पुढच्या रांगेतली लेकरं हसली. मी मान वाकडी करून बघितलं तर यंत्रातून रबरी डोक्याचा राक्षस बाहेर आला होता. डोक्याला मागून शिवण दिसत होती. राक्षस म्हणाला, तो मुलीचा आवाज मीच काढला, तुला फसवायला. कप्तानाची मुलगी वगैरे काही बोललीच नव्हती. बॅटरी? बॅटरीही राक्षसानेच लपवली होती. मग मारामारी. पंधरा मिनिटं मारामारी. पाइप, धूर, ठिणग्या. शेवटी राक्षस पडला, बॅटरी सापडली, आणि यानातले सगळे कंबरेवर हात ठेवून हसले. संपलं.

मी चेहरे बघत होते. दिवा हळूहळू बारीक करत न्यावा तसे ते मंद होत गेले. नाईक तेवढे खूश. "मारला की न्हाई राक्षसाला?"

 मग झमकाबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तू काय केलंस?"

"मी?"

"तू त्यात काय जोडलंस? मागच्या रविवारी चांगलं चालू होतं. तू हात घातला आन् हे निघालं."

आधी मला वाटलं गंमत करतायत. नव्हत्या करत. म्हणजे माझ्या हाताने गोष्ट बदलत नाही हे त्यांना कळत होतं, पण राग कुणावर तरी काढायचा होता आणि मालिका काढणारे तिथे नव्हते. मी म्हटलं, "मावशी, मला तुमच्याइतकाच राग आला आहे." आणि खरंच आला होता. चुलीत तांबं तापवून, हात भाजून मी ते चित्र आणलं होतं, ते या शिवणीच्या डोक्यासाठी? कुणाच्या तरी डोक्यात एवढी मोठी गोष्ट आली होती. चौदा वर्षं प्रवास करून आलेला आवाज. एकच बटण, एकच निरोप. ती गोष्ट नुसती सरळ चालू दिली असती तरी पुरलं असतं. पण लिहिणाऱ्याला तेवढा धीर झाला नाही. उत्तर काय द्यायचं ते सुचलं नाही, म्हणून त्याने प्रश्नच खोटा ठरवला.

"उत्तर काहून दिलं न्हाई त्यानं?" झमकाबाई पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. "लेकरू इचारते, ऐकताय का म्हणून. हे म्हणते, लेकरू नव्हतंच. असं कुठं असते व्हय?"

मी त्या संध्याकाळी मालिकावाल्यांच्या पत्त्यावर चार पानी पत्र लिहिलं. त्यात लहरींना लागणाऱ्या वेळाबद्दलही सविस्तर लिहिलं. दोन महिन्यांनी छापील कार्ड आलं: आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार, अशीच मालिका बघत राहा.

पवार सरांनी मात्र वेगळा मार्ग काढला. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. ते दुकानात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "दुसरा भाग आपण करायचा. बराबर करायचा. तुम्ही यान करा, मी लिहितो."

माझ्या धंद्यात एवढं आनंदाचं काम मी दुसरं केलं नाही. दुकानाच्या मागे मेलेले टीव्ही पडले होते. त्यांचे सांगाडे, बटणं, लाल-हिरवे दिवे काढले. एका फळीवर सगळं ठोकलं, बॅटरी जोडली की दिवे उघड-मीट करायचे. खरखर काढायला एक रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवला. मुलीच्या आवाजासाठी शाळेतल्या तिसरीच्या पोरीला पडद्यामागे बसवलं आणि पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलायला लावलं.

कप्तान कोण? नाईकांशिवाय दुसरं कुणी शोभणारं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला त्यांनी होऊही दिलं नसतं. पण त्यांची अट होती. "राक्षस पायजे. राक्षसाबिगर मी काम करणार न्हाई."

झमकाबाई म्हणाल्या, राक्षस आला तर मी बघायला येणार नाही. दोन दिवस यावर तांड्यात बैठका झाल्या. शेवटी सरांनी तोड काढली: राक्षस सुरुवातीलाच येईल, दोन मिनिटांत मरेल, आणि पुढे गोष्टीच्या वाटेला जाणार नाही. तांड्यावरच्या दोन पोरांनी हळदीची पोती अंगावर घेऊन राक्षस केला. पोती झटकली नव्हती. गॅदरिंगच्या दिवशी दुपारी राक्षस पिवळा धूर सोडत आला आणि मरायच्या आधी सलग सात वेळा शिंकला. आजूबाजूच्या वाड्यांची माणसं पोट धरून हसली. नाईकांनी त्याला लाकडी तलवारीने मारला आणि टाळ्या घेतल्या. मग सर हळूच म्हणाले, "आता बसा, नाईक." नाईक यंत्रासमोर बसले. मी पडद्याआडून दिवे बारीक केले. खरखर सुरू झाली.

"बाबा, तुम्ही ऐकताय का? मी आज शाळेत जाणार आहे."

सरांनी कप्तानासाठी एक पानभर भाषण लिहिलं होतं. त्यात अनंत अवकाश होतं, काळाचा महासागर होता, पितृहृदय होतं. नाईकांनी ते पंधरा दिवस पाठ केलं होतं. त्यांनी बटणावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मला दिसलं की त्यांना एक शब्दही आठवत नाही. सर पडद्याआडून पुटपुटत होते, "अनंत अवकाशातून..." नाईकांनी ऐकलंच नाही. ते आवाज येत होता त्या पत्र्याच्या जाळीकडे बघत राहिले.  मग साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले, "पोरी, मी हाय इथं. तुझा आवाज आला. उशिरा आला, पन आला. तू शाळेत जा."

आणि बटण दाबलं. मी ठरल्याप्रमाणे एकेक दिवा विझवला. शेवटचा लालही विझला. सर चष्मा पुसत होते. माझ्या कानात म्हणाले, "बाई, माझं पान गेलं ते बरंच झालं."

टाळ्या सुरू झाल्या आणि मी झमकाबाईंना शोधलं. त्या उठून चालल्या होत्या. कुणाशी न बोलता, शेळ्यांच्या वाटेने. मला वाईट वाटलं. म्हटलं, यांना हेही आवडलं नाही.

मंगळवार औंढ्याचा गर्दीचा दिवस. झमकाबाई दुकानात आल्या. कमरेच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"हे वाजते का बघ."

"कुणाची आहे, मावशी?"

"माझ्या किसनची."

किसन त्यांचा एकुलता मुलगा. सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला गेला आणि तिथेच दुसऱ्या समाजातल्या मुलीशी लग्न केलं. झमकाबाईंनी दार बंद केलं. त्यांना वाचता येत नाही म्हणून त्याने चिठ्ठी न लिहिता कॅसेटवर बोलून गाववाल्याच्या हाती पाठवली. त्यांनी ती एकदा शेजारणीच्या टेपवर ऐकली होती. मग ट्रंकेत ठेवून दिली. दोन वर्षं.

मी लावली. कारखान्याच्या भोंग्याचा आवाज, मग एक तरुण आवाज. त्यांच्या भाषेत तो बोलत होता, मला सगळं कळलं नाही. 'याडी' एवढं कळत होतं, म्हणजे आई. ते फार वेळा येत होतं. संपल्यावर झमकाबाईंनी सांगितलं, "शेवटी इचारते, याडी, मी येऊ का."



"याच्यात उत्तर भरता येते का?" त्यांनी विचारलं.

मी नवी कॅसेट काढली. टेपरेकॉर्डरला माइक जोडला, त्यांच्या समोर ठेवला. दुकानाचं दार अर्धं ओढलं. म्हटलं, मी हे लाल बटण दाबते, तुम्ही बोला. मग मी स्टुलावर पाठ करून बसले.

त्या बोलायला लागल्या. शेळीला दोन पिल्लं झाली. हळद बरी आहे. नाईकाने राक्षस मारला. त्या यानवालीत कसला घाणेरडा भाग दाखवला, तेही सांगितलं, सगळं, शिवणीच्या डोक्यासकट. एक बाजू भरली, मी उलटवली. दुसऱ्या बाजूला त्या आपल्या भाषेत, हळू बोलल्या. मग थांबल्या. मला वाटलं अजून काही आहे, म्हणून मी बटण बंद केलं नाही. त्याही उठल्या नाहीत. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, नारळवाला ओरडत गेला. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "बाई, त्याला हे ऐकू जाईल ना?" मी म्हटलं, जाईल. आणि कॅसेट संपून बटण आपोआप वर आलं.

सुरतेला जाणाऱ्या एका माणसाच्या हाती ती पाठवली. मग मी कामात विसरून गेले.

होळीला नाईकांचं बोलावणं आलं. तांड्यावर होळी म्हणजे मोठा सण, दोन दिवस नाच-गाणी. मी पोचले तर झमकाबाईंच्या दारात त्यांच्यासारखाच रुंद कपाळाचा एक माणूस खाटेवर बसला होता. शेजारी लाजरी बायको. झमकाबाईंच्या मांडीवर वर्षाची नात. त्या तिला बांगड्या वाजवून दाखवत होत्या आणि सुनेला ओरडत होत्या, लेकराला एवढं जाड झबलं काहून घातलं, उन्हाळा हाय. सून हसून झबलं काढत होती. तिला मराठी येत नव्हती, पण तिला सगळं कळत होतं.

किसन माझ्याशी बोलायला उठून आला. म्हणाला, "टीव्हीबाई तुमीच ना? कॅसेट तुमीच भरली."

"हो. सगळं नीट ऐकू आलं का?"

"आलं. पन पहिली बाजू ऐकून मी निघालो न्हाई." त्याने खाट माझ्याकडे सरकवली. "शेळीचं, हळदीचं, त्या राक्षसाचं ऐकून हसलो. दुसऱ्या बाजूला तिनं मला ये म्हटलं, तरी मन धजंना. म्हटलं, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून म्हटलं आसंल. मंग पुढं कॅसेट नुस्ती चालली. आमी बंद करणार होतो. बायको म्हणे, राहू दे. त्यात याडी बसल्याली होती, काहीच न बोलता. बाहेर गाड्या चालल्यात, लोकं चाललेत, आन् तिचा श्वास येऊन राहिला. पाच-सात मिनिटं आसंल. ते ऐकून मी बॅग भरली."

तोवर ढोल सुरू झाले होते. नाईकांनी त्याला हात धरून ओढत रिंगणात नेलं.